सदतीस दिवसांची भरती

आज अवस आहे हे अनितानं सांगितलं नसतं, तर त्या फोटोवर नेहमीसारखा अंगठा दाबून मी दाढी करायला गेलो असतो. रविवार, सुट्टी, सकाळचे आठ वाजून दहा मिनिटं. ती स्वयंपाकघरातून म्हणाली, "अहो, आज अवस आहे, केस कापायला जाऊ नका." बायकोच्या असल्या सूचना मी चोवीस वर्षं या कानानं ऐकतो आणि त्या कानानं सोडून देतो. पण या वेळी हातात फोन होता, फोनमध्ये बा होता आणि बाच्या मागं खाडी होती. बा धक्क्याच्या सगळ्यात वरच्या पायरीवर बसलेला. निळा शर्ट, हातात चहाचा कप, चेहऱ्यावर फोटो काढणाऱ्याविषयीचा जुना वैताग. गावाहून सरूनं आठच्या ठोक्याला पाठवलेला, रोजच्यासारखा फोटो. आणि बाच्या पायांखाली पाणी. सातातल्या चार पायऱ्या बुडवून संथ उभं राहिलेलं पाणी. अवसेला, सकाळी आठ वाजता. छे! शक्यच नाही, मी स्वतःशी म्हणालो, आणि मोठ्यानं म्हणालो असणार, कारण अनितानं आतून विचारलं, काय शक्य नाही?

तिला सांगून उपयोग नव्हता. अनिता रोह्याची, आतल्या गावातली, भात आणि वाल पिकवणाऱ्या घरातली. तिच्या लेखी पाणी म्हणजे नळाचं नाहीतर कालव्याचं, सोडलं की येतं आणि बंद केलं की थांबतं. आम्ही पेणच्या खाडीवरचे. आमच्याकडं तिथीची पाऊणपट करायची, तितक्या वाजता समुद्राला भरती, आणि धरमतरवरून आमच्या गावापर्यंत वर चढायला त्याला आणखी एक तास. पाढे यायच्या आधी आम्हाला हे येतं. अष्टमीला सकाळी सातला पाणी भरतं, पण ते भांगाचं, अर्धवट, चौथ्या पायरीवर येऊन दमणारं. अवसेचं उधाण असतं, ते वरच्या पायरीला शिवल्याशिवाय राहत नाही, पण त्याला भरायला दुपारचे सव्वाबारा वाजतात. सकाळी आठला तिथं सातही पायऱ्या उघड्या पाहिजेत. खाली नुसता चिखल, चिखलात उड्या मारणाऱ्या निवट्या, आणि पाणी लांब मधल्या धारेत, नुकतं परतायला लागलेलं. फोटोतलं पाणी अष्टमीचं होतं. म्हणजे फोटो आजचा नव्हता. म्हणजे बा आज त्या पायरीवर बसला नव्हता. मग बा कुठं होता?

मी खुर्चीवर बसलो. माझा धंदाच हा आहे हे सांगायला पाहिजे. रोह्याच्या एका केमिकल कंपनीत मी सेफ्टी बघतो. पूर्वी आम्ही प्लांटवर फिरायचो, हातानं वॉल्व्ह चाचपायचो, वासावरून कळायचं. आता पोरं फिरतात आणि ग्रुपवर फोटो टाकतात: गेजचा फोटो, फायर सिलिंडरचा फोटो, हेल्मेट घातलेल्या स्वतःचा फोटो. फोटो आला म्हणजे काम झालं. पण मी त्या फोटोंवर विश्वास ठेवत नाही, त्यासाठीच मला ठेवलाय. सावली कुठल्या बाजूला पडलीय, मागच्या फळ्यावर तारीख कुठली आहे, पाइपावरचा गंज कालच्याइतकाच आहे का, हे मी बघतो. हर्षद नावाचा एक ऑपरेटर सलग चार दिवस गेजचा एकच फोटो पाठवत होता. काचेवर एक माशी बसलेली होती. चार दिवस माशी जागची हलली नाही, तेव्हा मी त्याला पकडला. साहेबांसमोर चारही फोटो ओळीनं लावून दाखवले. पोरगा गेला कामावरून. काय कारण होतं, का फिरत नव्हता तो, हे त्याला विचारायचं माझ्या डोक्यातसुद्धा आलं नाही. माशी पकडली याचाच केवढा आनंद झाला होता मला! आठवडाभर कँटीनमध्ये सगळ्यांना तेच सांगत होतो.

तर मी माझ्या बापाचे फोटो मागं मागं सरकवायला लागलो. काल: पांढरा शर्ट, चार पायऱ्या पाण्यात. परवा: चौकड्याचा शर्ट, गळ्यात मफलर, चार पायऱ्या. त्याच्या आदल्या दिवशी मांजर मांडीवर, चार पायऱ्या. पौर्णिमेला चार पायऱ्या. एकादशीला चार पायऱ्या. शर्ट बदलत होते, एकूण सहा शर्ट होते, आलटून पालटून येत होते. कप कधी होता, कधी नव्हता. टोपी कधी डोक्यावर, कधी गुडघ्यावर. आणि मागं एक बार्ज. कोळसा भरलेला, लाल पट्ट्याचा, धरमतरहून येणारा एकच बार्ज सात वेगवेगळ्या तारखांना खाडीत त्याच जागी उभा होता, आणि सातही दिवस बा त्याच्याकडं पाठ करून बसला होता. मी मोजत गेलो. डिसेंबरच्या तेरा तारखेपर्यंत. त्याच्या मागं मात्र खाडी शहाण्यासारखी वर-खाली होत होती, कधी दोन पायऱ्या, कधी सहा, कधी नुसता चिखल. तेरा डिसेंबर ते आज, सदतीस दिवस. सदतीस दिवस आमच्या खाडीला ओहोटीच आली नव्हती, आणि त्या प्रत्येक फोटोखाली माझा पिवळा अंगठा उभा होता.

ही फोटोची व्यवस्था माझीच. आई गेली त्याला तीन वर्षं झाली. बाला रोह्याला आणायचा प्रयत्न मी केला. तो चौथ्या मजल्यावर अकरा दिवस राहिला, बाराव्या दिवशी चप्पल घालून दारात उभा. हितं काय दिसत नाय, म्हणाला. त्याला फोन करावा तर कान गेलेले. "कोण? कोण रे?" असं ओरडून तो फोन उलटा ठेवून द्यायचा. मग मी सरूला चांगला फोन घेऊन दिला. सरू माझी चुलत बहीण, नवरा गेल्यावर माहेरी परत आलेली, शेजारच्या खोलीत राहते, सकाळी मिठागरावर जाते आणि त्याआधी बाचा चहा करते. तिला मी नीट समजावलं: रोज आठ वाजता बाचा फोटो, आणि मागं धक्का दिसला पाहिजे. घरातल्या घरात काढलेला चालणार नाही. म्हणजे कसं, बा उठला, चालला, धक्क्यापर्यंत गेला, हे मला इथं बसून कळतं. सरू म्हणाली होती, "हजेरी घेतोस का काय काकाची?" मी हसलो होतो. घेत होतो की हजेरी. आणि मला त्याचा अभिमान होता. कँटीनमध्ये लोक म्हातारपणाच्या अडचणी सांगायला लागले की मी खिशातून फोन काढून दाखवायचो, हे बघा, आमचे वडील, एकोणऐंशी वर्षं, आजचा फोटो.

सरूला फोन लावला. वाजून वाजून बंद झाला. पुन्हा लावला, पुन्हा तेच. तिच्या नावाखाली 'ऑनलाइन' दिसत होतं. म्हणजे फोन हातात होता आणि ती उचलत नव्हती. आणि, खरं सांगतो, माझ्या तोंडात एक जुनी चव आली, माशी पकडल्याची. पकडली बाई तुला! पाच मिनिटांनी 'ऑनलाइन' गेलं. अनिता म्हणाली, "आंघोळीला गेली असेल, इतकं काय?" मग माझ्याकडं बघून म्हणाली, "मी सांगितलं होतं तेव्हाच, परक्या माणसावर सगळं टाकू नका." परकी कशी, मी म्हणालो, पण तोवर ती मलाही परकी वाटायला लागली होती. घर बाच्या नावावर. सरूला स्वतःचं घर नाही. बा कागदावर अंगठा उठवतो. सदतीस दिवस. या सदतीस दिवसांत काय काय होऊ शकतं याची एक यादी माझ्या डोक्यात आपोआप तयार होत गेली आणि तिच्या शेवटी जे होतं ते मी वाचायला तयार नव्हतो.

नऊची पेण एसटी मिळाली. खिडकीजवळ बसलो. बा मेला असता तर कळलं नसतं का? गावात दीडशे उंबरे. कोणी ना कोणी फोन केला असताच. का नसता केला? सगळं गाव सामील असेल तर? हसू नका, माणूस एसटीत एकटा बसला की असंच सुचतं. लहानपणी बा मला घड्याळासारखा वापरायचा. आमच्या घरात घड्याळ होतं, बंद नव्हतं, पण बाचा त्याच्यावर भरवसा नव्हता. डोळे उघडायच्या आधी तो गोधडीतून विचारायचा, "जित्या, पाणी कुठवर?" आणि मी अंधारलेल्या ओट्यावरून उतरून बांधावरून धक्क्यापर्यंत धावायचो, पायऱ्या मोजायचो, धावत परत यायचो. "तीन, बा." मग बा उठायचा. त्यावरून मिठागराची उघाडी, म्हणजे खाडीचं पाणी आत घ्यायचं दार, कधी खोलायचं हे ठरायचं. एकदा, थंडी मी म्हणत होती, मी दाराबाहेर जाऊन नुसता उभा राहिलो. षष्ठी होती, हिशेब केला, थोडा वेळ काढला, आत येऊन म्हटलं, "पाच." बानं एक डोळा उघडला. माझ्या तोंडाकडं बघितलंच नाही, पायांकडं बघितलं. पाय कोरडे होते, बांधावरच्या दवाचा एक थेंब नाही, चिखलाचा एक डाग नाही. मारलं नाही त्यानं. "बघून सांग," एवढंच म्हणाला आणि डोळा मिटला. मी गेलो. पाणी पाचव्याच पायरीवर होतं, माझा हिशेब बरोबर होता, आणि तरीसुद्धा परत येताना मला रडू येत होतं.

नागोठण्याला गाडी थांबली तेव्हा मी अपेक्षाचे फोटो बघत होतो. माझी मुलगी पुण्याला शिकते. रोज संध्याकाळी जेवणाच्या ताटाचा फोटो पाठवायचा, असं तिच्याशी ठरलंय. दोन पोळ्या, भाजी, वरण. दोन पोळ्या, भाजी, वरण. ताटाच्या कडेला एक पोचा. मेसची ताटं शंभर असतील, हाच पोचा रोज कसा येतो हिच्या वाट्याला? मी फोटो मोठा केला, आणखी मोठा केला, पोळीवरचे काळे डाग मोजायला लागलो. मग एकदम स्वतःची शिसारी आली आणि तिला फोन लावला. पहिल्याच रिंगला उचलला. "बाबा? काय झालं? आजोबा?"  फोन केला म्हणजे कोणीतरी गेलं, असा अर्थ आमच्या घरात कधीपासून झाला? काही नाही गं, मी म्हणालो, काल काय जेवलीस?  ती म्हणाली, "फोटो पाठवला होता की." तू सांग ना. "बाबा, तुम्ही त्याला अंगठा दिलाय," ती म्हणाली. गाडीत आवाज येत नाही असं खोटं सांगून मी फोन ठेवला.

हायवेचं काम अजून चालूच आहे, गाडी खड्ड्यातून खड्ड्यात जात होती. तेवढ्यात मला गावाच्या ग्रुपची आठवण झाली. तो मी दोन वर्षांपूर्वी गप्प करून ठेवलाय. सकाळी पाचपासून फुलं, देव, सुविचार, कोणाच्या तरी नातवाचा वाढदिवस. माणूस वेडा होईल. आठवड्यातून एकदा आत जातो, वरवर सरकवतो, वाढदिवस असेल तर केक, कोणी गेलं असेल तर हात, असं उरकून बाहेर येतो. आता मी डिसेंबरपर्यंत मागं गेलो. फुलं, फुलं, क्रिकेटची मॅच, वालाच्या शेंगांच्या पोपटीचा बेत, फुलं. आणि वीस डिसेंबर, सकाळी दहा वाजून चार मिनिटं, आमच्या शेजारच्या साईराजनं बाविषयी लिहिलेलं: "जनूकाका उघाडीवरून घसरून पडलेत. उठता येत नाय. पेणला न्यायचंय, गाडी कोणाकडं हाय?" त्याखाली दोघांचं उत्तर, येतोय. दुपारी पुन्हा साईराज: "काकांचं खुब्याचं हाड मोडलंय. ऑपरेशन होणार. सर्वांनी प्रार्थना करा." त्याखाली जोडलेले हात, बाजूला आकडा बावन्न. बावन्न लोकांना माहीत होतं! अख्ख्या एसटीत मला ओरडावंसं वाटलं. बावन्न लोकांनी हात जोडले आणि एकालाही पोटच्या पोराला एक फोन करावासा वाटला नाही. एकालाही! खुब्याचं हाड. एकोणऐंशी वर्षांचा माणूस. आणि ती सरू रोज त्याला शर्ट बदलून फोटोत धक्क्यावर बसवत होती, माझ्यासमोर. मला खरोखर हुंदका आला आणि मी तो खिडकीकडं तोंड करून गिळला.

वडखळला उतरून सहा आसनी रिक्षा. नाका मागं पडला, उजव्या हाताला मिठागरांचे चौकोन लागले. गावच्या फाट्यावर उतरून चालत निघालो. दोघंतिघं ओळखीचे दिसले. त्यांनी माझ्याकडं बघितलं आणि हसले नाहीत. एरवी "काय जितेश, कवा आलास" म्हणणारी माणसं. एक म्हातारी ओट्यावरून म्हणाली, "आलास का बाबा एकदाचा." त्यातला तो 'एकदाचा' मला लागला, पण मी रागात होतो, तो राग हातात धरूनच मी दारात शिरलो.

सरू न्हाणीपाशी चादर पिळत होती. मला बघून ती दचकली नाही, लपली नाही, काहीच नाही. पदराला हात पुसले. मी सुरू झालो. काय काय बोललो ते आता लिहायची लाज वाटते. खोटे फोटो पाठवतेस, सदतीस दिवस मला फसवलंस, काय मिळवायचं होतं तुला, घर? कोणाच्या जिवावर खेळतेस? तिनं चादर दोरीवर टाकली, चिमटे लावले. मग म्हणाली, "दादा, तुला म्हायीत नव्हतं?"

मला कुठून माहीत असणार?

"तू हात जोडलंस ना ग्रुपवर."

मी म्हणालो, काय?

"ऑपरेशन व्हायचं म्हणून साईराजनं टाकलं तवा. मी तुला फोन करणार व्हते, साईराज बोलला थांब, जितेशनं बघितलंय, हात जोडलेत. मी बघितलं तर खरंच तुझं नाव. मग म्हटलं येईल आज. मग म्हटलं शिफ्ट असेल, रविवारी येईल." तिनं माझ्याकडं बघितलं. तिच्या डोळ्यांत राग नव्हता, त्याचं मला फार वाईट वाटलं. "चार रविवार गेलं रे दादा."

मी फोन काढला. दोनदा चुकीच्या जागी बोट पडलं. वीस डिसेंबर. जोडलेल्या हातांवर बोट ठेवलं की नावांची यादी उघडते. वरून खाली आलो. अकरावं नाव माझं. मीच. कधी दाबले होते मी ते हात? कंपनीच्या गाडीत? संडासात? न वाचता, दहा जणांनी जोडलेत म्हणजे कोणीतरी गेलं असेल म्हणून अकरावे माझे जोडून मी पुढच्या केककडं गेलो होतो. गाव माझ्याकडं बघून का हसलं नाही ते आता कळलं. त्यांच्या लेखी मला सगळं माहीत होतं. बापाचं हाड मोडलेलं कळल्यावर हात जोडून रोह्याला बसून राहिलेला, रोज सकाळी बापाच्या जुन्या फोटोला अंगठा दाखवणारा मुलगा होतो मी.

"आणि फोटो?" मी विचारलं. 

"ते पडायच्या आधीचं. काका कंटाळला व्हता रोज उठून पायरीवर बसायला. म्हणाला, सरू, एकदाच काय ते काढून टाक गो, मग मी माझ्या कामाला मोकळा. अष्टमी व्हती. सगळं शर्ट घेऊन बसला सकाळी. हसत व्हता. चाळीसएक काढलं आम्ही." तिनं खाली वाकून बादली उचलली. "मग पडला. मी बोलले, काका, आता कशाला हे पाठवायचं, दादाला तर म्हायीत हाय. तर बोलला, त्याला सकाळी फोटो लागतो ना, दे. मी बोलले, सगळ्यांत पाणी एकच दिसतंय, दादा वरडंल. तर बोलला..."

काय बोलला?

"वरडू दे. वरडायला तरी येईल."

मी तिथंच न्हाणीच्या दगडावर बसलो. सकाळी फोन का उचलला नाहीस, हे विचारायची गरज नव्हती, पण तिनंच सांगितलं. मिठागरावर जायच्या आधी ती बाला पुसून काढते, कूस बदलते, त्या वेळी फोन खिडकीत असतो, फोटो पाठवून झाला की तसाच उघडा राहतो. मला हर्षदची आठवण झाली. त्या चार दिवसांत त्याच्या घरी काय चाललं होतं कोण जाणे. आता विचारावं म्हटलं तर त्याचा नंबरही मी काढून टाकला होता.

बा आतल्या खोलीत खाटेवर होता. फोटोतल्या बापेक्षा निम्मा. निळा शर्ट खुंटीला होता, अंगात गंजी, कमरेखाली चादर, पाय वळू नये म्हणून पायाशी वाळूची पिशवी. दाढीचे पांढरे खुंट. सहा शर्टांच्या आत हा माणूस इतका वाळला कधी? डोळे मिटलेले होते. मी खाटेच्या कडेला बसलो, हात हातात घेतला. हात गरम होता. एवढं तरी होतं. बानं डोळे उघडले, मला बघितलं, नवल वाटल्यासारखं काही केलं नाही.

"सुट्टी हाय?"

मी कानाशी वाकून म्हणालो, रविवार आहे, बा.

"रविवार मागं पण झालं," तो म्हणाला. तक्रार नव्हती त्यात, दिवस मोजून सांगितल्यासारखं म्हणाला. मी म्हणालो, बा, मला माहीत नव्हतं. मी बघितलं नाही. मी न बघता हात जोडले. हे मी तीनदा म्हणालो, तिसऱ्यांदा ओरडून. त्याला ऐकू गेलं की नाही कळलं नाही. तो छताकडं बघत होता. त्या खोलीला धक्क्याच्या बाजूची खिडकी नाही. पडल्यापासून त्याला खाडी दिसलेली नव्हती. एकोणऐंशी वर्षांत पहिल्यांदा, इतके दिवस.  मग त्यानं, माझ्याकडं न बघता, गोधडीतून विचारायचा तसं विचारलं.

"पाणी कुठवर?"

माझं तोंड उघडलंसुद्धा. आज अवस, सव्वाबाराला भरणार, आता साडेअकरा झाले, म्हणजे पाच. "पाच, बा," मी त्याच्या कानात म्हणालो. आणि तेव्हा माझ्या लक्षात आलं, की माझा दुसरा हात खिशात गेलेला आहे आणि बोटांनी फोन धरलेला आहे.

बानं डोळे मिटून घेतले.

"बघून सांग," तो म्हणाला.

मी उठलो. मागच्या दारानं बाहेर पडलो, बांधावर चढलो. ऊन चांगलं तापलं होतं. धक्क्याशी आलो आणि चपला काढल्या. सहा पायऱ्या पाण्यात होत्या. पाच नव्हत्या, सहा. सातवीच्या काठाला लाट लागत होती. माझा हिशेब चुकला होता. बांध नवा झालाय, बार्जसाठी खाडी उकरलीय, काय झालंय कोण जाणे, मला इथलं काहीच माहीत नव्हतं. मी सातव्या पायरीवर, बा फोटोत बसायचा तिथं उभा राहिलो आणि मग एक पायरी खाली उतरलो. पाणी घोट्यापर्यंत आलं. थंड होतं, गढूळ होतं, आणि वर चढत होतं. मी घराकडं तोंड करून ओरडलो, "बा, सहा! सहा पायऱ्या!" सरू दारात आली, पण तिनं नुसती मान हलवली. इथून ओरडून बाला ऐकू येत नाही. आत जाऊन, वाकून, कानाशी तोंड नेऊन सांगावं लागतं. मी चपला हातात घेतल्या आणि ओल्या पायांनी बांधावरून निघालो, पाय वाळायच्या आत, कारण तो आधी पायांकडं बघणार हे मला माहीत होतं.